आधी सांगा, सायकल कुठली?

नेदरलँड्समध्ये येऊन चार-सहा दिवस सायकलवर भटकायचा बेत आखणारी ओळखीची मंडळी निघण्याआधी हमखास विचारतात, "दुरुस्तीचं सामान काय काय घेऊ?" मी उलट विचारते, सायकल कुठली घेणार आहात? इथल्या रस्त्यांवर सायकलींच्या दोन अगदी वेगळ्या जाती आहेत आणि एकीचं सामान दुसरीच्या फारसं कामाला येत नाही.

पहिली जात रोजच्या वापरातली. ताठ बसून चालवायची, वजनाला जड, चेन पूर्ण झाकलेली, गिअर असलेच तर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात. बऱ्याच जणींना पॅडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. अशा सायकलवरून ऑफिसला नाहीतर बाजाराला जाणारा माणूस सोबत काहीच ठेवत नाही. बिघडली तर कुलूप लावून तिथेच सोडतो आणि बस पकडतो. कॉलेजची पोरं तर सायकल महिन्याच्या भाड्यानेच घेतात. पुढचं टायर निळं दिसलं की समजायचं, स्वापफीट्सची आहे. डेल्फ्टमध्ये २०१४ साली सुरू झालेली ही कंपनी दुरुस्तीही स्वतःच बघते. सोय उत्तम, पण पंक्चर काढता न येणारी एक अख्खी पिढी सायकलवरच वाढतेय याचं मला जरा नवल वाटतं.

या सायकलचं मागचं चाक पंक्चर झालं की खरी परीक्षा. चाक काढायचं तर चेनकव्हर उघडा, गिअरची केबल सोडवा, ब्रेकची पट्टी फ्रेमपासून मोकळी करा, पंधराच्या पान्ह्याने दोन्ही बाजूंचे नट ढिले करा. परत बसवताना चेनचा ताण जुळवा आणि चाक सरळ आहे ना तेही बघा. एवढा उपद्व्याप रस्त्याच्या कडेला कोण करणार? म्हणून इथले जाणकार चाक जागच्या जागी ठेवून पंक्चर काढतात. टायरची एकच कड लिव्हरने रिमबाहेर घ्यायची आणि ट्यूब हाताला येईल तेवढी ओढायची. लिव्हर नसेल तर चमच्याच्या दांड्यानेही जमतं, जुनी माणसं तेच करत आलीत. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती ओठांजवळून फिरवली की बारीकशी झुळूक लागते. नाहीच सापडलं भोक, तर ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे. पाण्याला या देशात तोटा नाही, दर दुसऱ्या रस्त्याला कालवा आहे.

मग घासपेपर, सोल्यूशनचा पातळ हात आणि थांबणं. सगळी घाई इथेच होते. सोल्यूशनची चकाकी जाऊन ते नुसतं चिकट लागेपर्यंत पाच मिनिटं जाऊ द्यायची, मगच ठिगळ दाबायचं. इथे घरोघरी सिमसन कंपनीची छोटी डबी असते, तिच्यात हे सगळं मिळतं. पण एकदा उघडलेली सोल्यूशनची ट्यूब काही महिन्यांत आतल्या आत वाळून जाते आणि ते कळतं थेट शेतातल्या रस्त्यावर. डबी जुनी असेल तर निदान तेवढी ट्यूब नवी घ्या.

ठिगळ लावून लगेच टायर बसवू नका. टायरच्या आतून बोट फिरवा, पण हळू, कारण जे टोचलं ते बहुतेक तिथेच असतं. शहरात काचेचा कण, गावाकडे काटा. बोक्समेर गावाजवळ मास नदीच्या काठाने मासहेगन नावाचा सुंदर भाग आहे. शेताशेताला मेडॉर्न आणि स्लेडॉर्न या काटेरी झुडपांची कुंपणं आहेत आणि २०१८ पासून हा भाग युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीत आहे. कुंपणं छाटली जातात त्या दिवसांत वाटेवर पडलेले काटे बघत चालवायचं, आणि तिथे जाताना मी ठिगळं दुप्पट घेते.

पंपाआधी वॉल्व्ह बघा. रोजच्या सायकलीला बहुधा डनलॉप वॉल्व्ह असतो, रेसिंगच्या सायकलीला बारीक प्रेस्टा, काहींना मोटारीसारखा. डनलॉपच्या वॉल्व्हसाठी घेतलेल्या पंपाचं तोंड मोटारीसारख्यावर बसेलच असं नाही. नखाएवढा पितळी अडॅप्टर पंपाला टेपने चिकटवून ठेवला की हा प्रश्न मिटतो.

दुसरी जात रविवारी सकाळी घोळक्याने सुसाट जाणाऱ्या रेसिंगवाल्यांची. त्यांचं सगळं सामान सीटखालच्या मुठीएवढ्या पिशवीत. त्यात ठिगळ दुय्यम, आख्खी नवी ट्यूबच असते. दोन लिव्हर, ॲलन की (षट्कोनी खाचेचे स्क्रू फिरवायची किल्ली), चेन जोडायची एक कडी. ती कडी मात्र आपल्याच चेनची हवी, अकरा गिअरच्या चेनला बाराची बसत नाही. वीस अवजारांचं जाडजूड मल्टीटूल दिसायला झकास, पण वाटेत लागतात त्या चार, पाच आणि सहाच्या ॲलन की, फार तर एक स्क्रू ड्रायव्हर. हवेसाठी बरेच जण कार्बन डायऑक्साइडचं सोळा ग्रॅमचं नळकांडं ठेवतात. क्षणात टायर टणक होतं. पण नळकांडं उघडताच इतकं गार पडतं की उघड्या हाताने धरवत नाही, आणि हा वायू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून दुसऱ्या दिवशी परत हवा भरावी लागते. शिवाय नेम चुकला की संपलं. मी पंपवाली. टायरच फाटलं असेल तर ट्यूब बदलून भागत नाही, आतून जुन्या टायरचा तुकडा किंवा घडी घातलेली नोट लावून घर गाठायचं.

माणूसच पडला तर? ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण "कुठे आहात?" याचं उत्तर देता येत नाही. सायकलमार्गांच्या फाट्यांवर क्रमांकाच्या पाट्या असतात, पण ते क्रमांक दोन आकडी आणि वेगवेगळ्या भागांत परत परत येणारे. "सत्तेचाळीस नंबरपाशी आहे" एवढ्याने भागत नाही, जवळच्या गावाचं नावही लागतं. त्यापेक्षा रानातल्या वाटांवर अळंबीच्या आकाराचे, गुडघ्याएवढे दिशादर्शक खांब असतात. एएनडब्ल्यूबी ही संस्था १८८३ मध्ये सायकलवाल्यांची संघटना म्हणून सुरू झाली, त्यांचे हे खांब. प्रत्येकावर स्वतंत्र नंबर असतो. तो दिसला की फोटो काढून ठेवायची सवय चांगली. दिव्यांचं एवढंच, की कपड्यांना लावायचे सुटे दिवे चालतात, पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल, पण लुकलुकणारा चालत नाही.

सगळंच फसलं तर रेल्वे. पण सायकलचं वेगळं तिकीट लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकल गाडीत चढवता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही अडचण नसते. म्हणजे एरवी पावणेचारला पंक्चर झालं तर स्टेशनकडे धावण्यापेक्षा ठिगळ लावलेलं बरं. घडीची सायकल मात्र घडी घालून कधीही, बिनतिकिटाची नेता येते. तिची चाकं लहान, आणि त्या मापाची ट्यूब वाटेतल्या दुकानात मिळेलच असं नाही, तेव्हा ती एक घरूनच आणा.