शायॅनचा रोडिओ आणि स्वारांची रविवारची उपासना

अमेरिकेतील वायोमिंग राज्याची राजधानी शायॅन येथे १८९७ पासून जुलैच्या अखेरीस ‘फ्रंटियर डेज’ हा रोडिओचा, म्हणजे उधळत्या घोड्याबैलांवरील स्वारीसारख्या काउबॉयांच्या स्पर्धांचा, दहा दिवसांचा उत्सव भरतो. रोडिओ पाहण्याची हौस आम्हांला होतीच. पण जाण्याचे खरे कारण होते ते उत्सवाच्या आवारातच होणारी रविवारची उपासना, जिला तिकडे ‘काउबॉय चर्च’ म्हणतात.

डेन्व्हर विमानतळापासून शायॅन सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि इंटरस्टेट २५ या महामार्गाने मोटारीने दीड-दोन तास लागतात. उत्सवाच्या काळात शहरातील खोल्या फार लवकर भरतात व दरही चढतात, म्हणून काही महिने आधीच नोंदणी करावी किंवा कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स येथे उतरावे. शहर समुद्रसपाटीपासून अठराशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने ऊन बोचते आणि दुपारनंतर गारांसह वादळ येऊ शकते. टोपी, पाणी आणि पावसाळी अंगरखा या तिन्ही गोष्टी जवळ असाव्यात.

रविवार हा स्वारांच्या कामाचाच दिवस. त्यांना पगार नसतो. स्पर्धेचे प्रवेशशुल्क स्वतः भरायचे, जिंकले तर पैसे, नाही तर रात्रभर गाडी हाकून पुढचे गाव गाठायचे. उन्हाळ्यात आपल्या गावच्या चर्चच्या मंडळीत बसणे त्यांना जमत नाही, म्हणून १९७० च्या दशकापासून काही पाळकांनी, ज्यांत स्वतः रोडिओत उतरलेलेही होते, उपासनाच मैदानावर आणली. वेदी नाही, झगा नाही, पंथाची विचारपूस नाही. गिटारवर दोन-तीन भक्तिगीते, थोडक्यात उपदेश, एखाद्या स्वाराची साक्ष (म्हणजे आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगणे) आणि प्रार्थना, एवढाच तिचा आटोपशीर क्रम. अशा अनेक मंडळ्यांत दानाची थाळी न फिरवता दाराशी एक बूट किंवा हॅट ठेवलेली असते, आणि बाप्तिस्मा घोड्यांना पाणी पाजण्याच्या हौदात दिला जातो. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन यांतून ख्रिस्त मराठी माणसाच्या ओळखीच्या सुरांत आणला, हे आठवणाऱ्या वाचकाला यात नवल वाटू नये.

आम्ही ऐकलेली साक्ष एका तरुण स्वाराची होती. बैलाच्या पाठीवर बसताना प्रत्येक जण देवाचे नाव घेतो, पण पाठीवर टिकून राहण्याची आठ सेकंद संपली की ते विसरायलाही वेळ लागत नाही, असे तो म्हणाला. खांदा निखळल्यावर ज्या सोबत्यांनी त्याची गाडी चालवली, पेट्रोलचा खर्च उचलला आणि वाटेत रोज बायबलचा एक अध्याय मोठ्याने वाचला, त्यांच्यामुळे त्याची विझत आलेली श्रद्धा पुन्हा पेटली. मैदानात राष्ट्रगीताबरोबर ध्वनिक्षेपकावर होणारी प्रार्थना मला काहीशी सोहळ्याची वाटली. ही साक्ष मात्र खरी वाटली.

उत्सवाच्या आवारातील, म्हणजे फ्रंटियर पार्कमधील, लेन फ्रॉस्ट याचा ब्राँझचा पुतळा पाहताना सोबत्यांचे हेच मोल जाणवते. १९८७ चा हा जगज्जेता बैलस्वार ३० जुलै १९८९ रोजी, रविवारीच, येथे मरण पावला. त्याने आठ सेकंद पूर्ण केली होती. उतरल्यावर चिखलात पडलेल्या त्याला बैलाने शिंगाने धडक दिली, आणि वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. मृत्यूपूर्वीच्या काळात त्याने ख्रिस्ती श्रद्धा मनापासून स्वीकारली होती, असे त्याची आई एल्सी सांगत आली आहे, आणि अनेक स्वारांच्या धर्मजीवनाला वळण लागले ते या कथेमुळे. त्याच्यासोबत गावोगाव फिरणाऱ्यांपैकी टफ हेडमन त्याच वर्षी लास व्हेगासच्या अंतिम फेरीत आठ सेकंद संपल्यावरही लेनसाठी आणखी आठ सेकंद बैलावर बसून राहिला, तर कोडी लॅम्बर्टने पुढे स्वारांसाठी संरक्षक जाकीट तयार केले. प्रवासातील सोबतच येथे निष्ठेचे रूप घेते, असे माझे मत झाले.

उपासनेची वेळ व जागा त्या वर्षीच्या अधिकृत वेळापत्रकात पाहावी आणि पंधरा-वीस मिनिटे आधी पोहोचावे. खास पोशाख लागत नाही. जीन्स चालते, पण प्रार्थनेच्या वेळी पुरुषांनी टोपी काढावी. साक्ष चालू असताना चित्रण करू नये. स्वारांशी बोलायचे असेल तर उपासना संपल्यानंतर लगेच बोलावे, कारण स्पर्धेच्या तासभर आधी ते मनगटे बांधण्यात आणि दोर तपासण्यात गुंतलेले असतात. सोमवार, बुधवार व शुक्रवारी सकाळी डेपो प्लाझावर सर्वांना फुकट पॅनकेकची न्याहारी मिळते. उत्सवातील पहिल्या रविवारला जोडून सोमवारी मुक्काम केल्यास तीही साधते. परतीच्या वाटेवर आणखी एक दिवस हाताशी असेल, तर डेन्व्हरच्या दक्षिणेला कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील प्रोरोडिओ हॉल ऑफ फेम हे संग्रहालय पाहावे. फ्रॉस्टचा तेथे १९९० मध्ये समावेश झाला.