पंखा कोण बंद करणार?

मंगळवार, मिरज

सतारमेकरांच्या गल्लीत तंबोऱ्याचं शूट असलं की वेळापत्रक साउंडवाल्याने ठरवायचं, दिग्दर्शकाने नाही. चार जणांच्या युनिटमध्ये यावरून कुरबूर होते. कॅमेऱ्याला सकाळचं तिरपं ऊन हवं असतं, दिग्दर्शकाला सगळंच हवं असतं. पण इथे विषयच नाद आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा ज्यावरून जातात त्या पट्टीचा, माथा कानशीने आणि मग पॉलिशपेपरने इतका हलका घासतात की तार त्याला पुरती टेकतही नाही आणि सुटतही नाही. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत नेमकी जागा शोधतात. ती सापडली की जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला, झंकारणारा नाद, खुलते. कॅमेऱ्यात यातलं काय येतं? दोरा चिमटीत धरलेली बोटं, बस्स. फरक कानालाच कळतो.

म्हणून पहिलं भांडण पंख्याशी. ‘एडिटमध्ये काढून टाकू’ हे वाक्य या गल्लीत चालत नाही. नॉइज रिडक्शनचं सॉफ्टवेअर एकसारखा चालू असलेला आवाज ओळखतं आणि तो कमी करतं. तंबोरा काय करतो? एकसारखा चालू राहतो. पंख्याबरोबर जवारीच्या वरच्या, बारीक स्वरांवरही कात्री चालते आणि उरतं ते पाण्याखालून आल्यासारखं काहीतरी. पंखा बंदच करावा लागतो, आणि एप्रिलच्या उन्हात पत्र्याखाली बसलेल्या कारागिराला बिनपंख्याचं पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नये. घामाने हात घसरतो, तार नीट लागत नाही. पंधरा मिनिटं काम, मग पंखा, ताक, पुन्हा पंधरा मिनिटं. खोलीचा रिकामा आवाज, म्हणजे रूम टोन, मिनिटभर घ्यायचा तोही पंखा बंद असताना आणि तंबोरा न छेडता.

लो-कट, म्हणजे खालचे जाड आवाज गाळणं, ही दुसरी खोड. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर जावी म्हणून माइकवरचं 80 हर्ट्‌झचं बटण लोक सवयीने दाबतात. काळी एकमध्ये लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेचा सा, साधारण 69 हर्ट्‌झवर असतो, म्हणजे बटण दाबलं की त्याचा मूळ स्वरच पातळ होतो. गाड्यांचं काय करायचं ते नंतर बघू, बटण बंद. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारा ऑटो गेनही बंद, नाहीतर दोन छेडींच्या मधल्या जागेत रेकॉर्डर आवाज आपणहून चढवतो आणि नाद श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो. छोटे कंडेन्सर माइक दोन, घोडीपासून दीड-दोन फुटांवर. भोपळ्याच्या अगदी समोर धरले तर नुसतं घुमतं. रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटला, सगळ्यात मोठी छेड उणे 12 डेसिबलच्या आसपास. बोलण्यासाठी कॉलर माइक चालतो, पण कानस चालवताना तो सदऱ्याला घासतो. तेव्हा बूम, म्हणजे दांडीवरचा माइक, वरून.

बुधवार

कॅमेऱ्याचं तसं सोपं आहे. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे 25 फ्रेम आणि शटर 1/50, म्हणजे ट्यूबलाइट लुकलुकत नाही. स्वस्त एलईडी तरीही दगा देतात, ते सरळ बंद करून आपला दिवा लावावा. हॅलोजन मात्र नको: चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश चालू असतं, ती वाफ पेट घेते. तूनच्या लाकडाचा भुसा हवेत असतो, म्हणून लेन्स दुकानात बदलायची नाही, बाहेर गाडीत बदलायची.

प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या बाईंचं काम मात्र कुणाला दिसत नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे बातम्यांचे कॅमेरे गल्लीला नवे नाहीत; ते अर्ध्या तासात आटोपतात. आपण दिवसभर काम अडवतो. त्या दिवसाची मजुरी आधीच बोलून हातात द्यायची, कारागिराची आणि हाताखालच्या पोराचीही. संमतीपत्र मराठीत, तेही वाचून दाखवायचं आणि एक गोष्ट स्वच्छ विचारायची: घोडी घासतानाचा जवळचा शॉट चालेल का? काहींना चालत नाही. ते त्यांच्या हाताचं गुपित आहे, आग्रह करू नये.

रात्री

कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिटने रेकॉर्ड करतो, म्हणजे तासाला 45 जीबी. चार तासांचं फुटेज म्हणजे 180 जीबी. साध्या हार्ड डिस्कवर सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने एक प्रत व्हायला अर्धा तास, पडताळणी वेगळी. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या माणसाच्या घरी. कार्ड लॅपटॉपवर फॉरमॅट करायचं नाही, कॅमेऱ्यातच, आणि तेही तिन्ही प्रती उघडून बघितल्यावर. हे काम सगळ्यात दमलेल्या माणसाकडे जातं, तिथेच फुटेज जातं. त्याला दुपारी झोपू द्यावं.

शनिवार, एडिट

वाइड शॉट एका टेकचा, क्लोजअप दुसऱ्याचा, असं जोडलं की तंबोरा उडी मारतो. उकाड्याने तारा उतरलेल्या असतात, मधल्या वेळात कुणीतरी पुन्हा लावलेल्या असतात. म्हणून प्रत्येक टेकला ट्यूनर बघून पट्टी, म्हणजे सा कुठे लावलाय ते, वहीत लिहायची आणि पाच मिनिटांचा एक सलग टेक फक्त आवाजाचा घ्यायचा; चित्रं त्यावर बसवायची. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं, लांब टेकमध्ये एखादी फ्रेम सरकते. चित्र आणि आवाज जुळवायला सुरुवातीला वाजवतो ती टाळी शेवटीही वाजवावी.

कच्ची जोडणी कारागिराला दाखवायची ती फोनवर नाही. फोनच्या स्पीकरला खर्ज झेपतच नाही. चांगले स्पीकर घेऊन दुकानात जायचं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या गावात राहिले, त्या गावात चित्रात बोट खर्जाच्या तारेवर आणि आवाज पंचमाच्या तारेचा, हे पहिल्या मिनिटात पकडलं जातं. एडिटरने वही पेन्सिल घेऊन शेजारी बसावं, टाइमकोड, म्हणजे चूक कितव्या मिनिटाला, सेकंदाला आहे ते, लिहीत जावं, आणि पंखा बंद ठेवावा.