कडेचं पांढरं

सोसायटीच्या ऑफिसात मेंटेनन्सची पावती घ्यायला गेले होते. दुपारची वेळ, पंखा फुल, मॅनेजरकाकांनी पावतीसाठी मेनू उघडला आणि माझी नजर तिथेच अडकली. प्रिंटरचं इवलंसं चित्र आणि त्याच्याभोवती भडक राणी कलरचा चौकोन. खाली कात्री, तिलाही तोच.

"काका, हे गुलाबी असंच दिसतं का हो?"

"कुठलं गुलाबी?" काका म्हणाले. रोज त्याच मेनूतून पावत्या काढणारा माणूस!

ज्यांनी कधीकाळी विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिलेत, त्यांना हा रंग घरातलाच वाटेल. कॉम्प्युटरच्या ० ते २५५ च्या मापात लाल २५५, हिरवा ०, निळा २५५. चित्रात सहसा लागत नाही, म्हणून "हा दिसला की तिथे काही काढू नकोस" एवढ्याच कामाला ठेवलेला. डेल्फी नावाच्या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात तर चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका ज्या रंगाचा, तो रंग आपोआप आरपार धरायची सोय. सोळा बाय सोळाचा आयकॉन, म्हणजे अवघे २५६ ठिपके. त्यातले कितीतरी न दिसण्यासाठीच रंगवायचे, आणि ते प्रोग्रॅमला सांगायचं राहिलं की झालंच!

पण तो चौकोन मी सहन करीन. उघड चूक आहे बिचारी. माझं डोकं फिरतं ते कडेच्या पांढऱ्यावर.

गिरगावात शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळायचे. पाळीव प्राणी, वाहतुकीची साधनं, थोर नेते. मी गाय घाईघाईत कापायचे, शिंगांच्या मधलं पांढरं तसंच. आत्या ती माझ्या हातातून काढून घ्यायची आणि नखं कापायची छोटी कात्री आणायची. "कात्री नाही गं, कागद फिरव." शेपटीच्या गोंड्याशी आली की तिची जीभ दातांत. वही पांढरीच आहे, कुणाला दिसणार, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "उद्या निळ्या घोटीव कागदावर चिकटवायची झाली तर?"

आयकॉनांचं झालं अगदी तेच. १९८९ च्या जीआयएफ या चित्रांच्या फाइल-प्रकारात ठिपका एकतर आरपार, नाहीतर ठार बंद. १९९६ मध्ये पीएनजी हा नवा फाइल-प्रकार आला आणि प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या मिळाल्या. गोल कडा मऊ झाल्या. पण कित्येकांनी त्या कडा पांढऱ्यावरच घोटून तयार केल्या. पांढऱ्या मेनूवर कुणाला कळणार? मग २०१८ मध्ये मॅकवर आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर डार्क मोड आला, आणि अशा प्रत्येक चित्राभोवती पांढरी किनार उजळली. याच्या उलटही होतं. ठिपका जितका अपारदर्शक, त्या प्रमाणाने त्याचा रंग आधीच गुणून ठेवायचा, ही पोर्टर आणि डफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्या दोघांनी १९८४ मध्ये मांडलेली युक्ती. पण एकाने गुणून दिलं आणि दुसऱ्याने पुन्हा गुणलं की कड काळपट पडते. हा काळपटपणा शोधून काढायला मला मनापासून आवडतं. लोक शब्दकोडी सोडवतात, तसलंच काहीतरी.

लेकीला हे सगळं रंगवून सांगितलं. तिने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं, "आई, तू स्वतः मेनूतून कॉपी शेवटची कधी केलीस?"

छे, मी कंट्रोल-सी वाली.