"ओरडली का नाहीस?"
गेली काही वर्षं मी लैंगिक अत्याचाराच्या पीडितांसाठीच्या एका मदत केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते, आणि खरं सांगू का, येणाऱ्या कित्येक जणींना घडलं त्याच्याइतकाच त्रास नंतर लोकांनी काय काय विचारलं त्याचा झालेला असतो. एक मुलगी आली होती, पर्सचा बेल्ट बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची, बोटाचं टोक पांढरं पडलेलं. पहिलं वाक्य काय तर, "ताई, मी ओरडले नाही हो, आवाजच फुटला नाही." घरी, पोलिसांत, दवाखान्यात, तिन्हीकडे तिला तेच विचारलं होतं, ओरडली का नाहीस.

तर हे जरा नीट वाचा. स्टॉकहोमच्या एका हॉस्पिटलमध्ये बलात्कार झालेल्यांसाठी वेगळं इमर्जन्सी क्लिनिक आहे, तिथे घटनेनंतर महिन्याभराच्या आत आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, आणि त्यातल्या ७० टक्के जणी त्या वेळी थिजून गेल्या होत्या, म्हणजे हात हलत नाही, आवाज निघत नाही. याला टॉनिक इमोबिलिटी म्हणतात. हे आपण ठरवून करत नाही, शरीर आपसूक करतं. आणि ज्या थिजल्या त्यांच्यात सहा महिन्यांनी पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक आजार) आणि डिप्रेशन जास्त दिसलं. म्हणजे जिला सगळ्यात जास्त आधार हवा तिलाच आपण उलटतपासणीला उभं करतो!

दुसरं म्हणजे "सगळं बोलून टाक, मोकळी होशील" हे. मीही आधी असंच म्हणायचे. पण घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावलं तर पीटीएसडी टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींचा तर त्रास वाढलेला दिसला. म्हणून आम्ही आता आधी एवढंच विचारतो, आत्ता सुरक्षित वाटतंय का, रात्री कुठे राहणार, कुणाला फोन लावायचाय का. बाकी तिला सांगावंसं वाटेल तेव्हा. आणि डॉक्टर, वकील, समुपदेशक एका छताखाली पाहिजेत, तीच गोष्ट चार टेबलांवर चारदा सांगायला लावणं हा छळच आहे. पीडितांना सहानुभूतीने आणि सन्मानाने वागवा असं संयुक्त राष्ट्रांनी १९८५ च्या जाहीरनाम्यात लिहून ठेवलंय, चाळीस वर्षं झाली त्याला.

त्या मुलीला मी आकडे वगैरे नाही सांगितले, एवढंच म्हटलं की तुझ्या शरीराने तुला वाचवायला जे जमलं ते केलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हे माझ्या आईला सांगाल?"

पुढच्या आठवड्यात आईला घेऊन आली. मी सांगितलं ते आईने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एक शब्द नाही, आणि शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "पहिल्यांदा मीच विचारलं होतं तिला."