अ‍ॅन लिस्टरच्या वह्यांमागे: यॉर्क, हॅलिफॅक्स आणि शेवटी ऑस्बल्डविक

अ‍ॅन लिस्टरचं नाव ऐकून इंग्लंडला जाणारे बहुतेक जण थेट तिचं हॅलिफॅक्सचं घर, शिब्डेन हॉल, गाठतात. माझं ऐकाल तर आधी यॉर्कला जा. ज्या सांकेतिक लिपीमुळे तिच्या डायऱ्या गाजल्या, ती यॉर्कच्या एका शाळेत दोन मुलींनी मिळून वापरात आणली. त्यातली दुसरी मुलगी मद्रासला जन्मलेली होती.

ज्यांना हे नाव नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अ‍ॅन लिस्टर (१७९१–१८४०) ही यॉर्कशरमधली जमीनदारीण. तिने सुमारे ५० लाख शब्दांची डायरी लिहिली. किती वाजता उठली, हवा कशी होती, कोळशाच्या खाणीचा व्यवहार कुठवर आला, सगळं त्यात आहे. त्यातला साधारण सहावा हिस्सा ग्रीक अक्षरं आणि बीजगणितातल्या खुणा मिसळून लिहिलेला आहे. बायकांवरचं तिचं प्रेम तिथे आहे, अगदी उघड शब्दांत.

माझी मावसबहीण लीड्सला राहते, म्हणून मुक्काम तिच्याकडे केला. तिथून यॉर्क रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत, हॅलिफॅक्स दुसऱ्या दिशेला पाऊण तासाच्या आत. तीन दिवस हाताशी ठेवा. दोन दिवसांत पायपीट होते, वाचन होत नाही.

यॉर्कला किंग्ज मॅनर ही जुनी इमारत पुढे विद्यापीठाकडे आली. १८०५ च्या सुमारास तिथल्या मुलींच्या शाळेत अ‍ॅन आणि एलायझा रेन एका खोलीत राहत. एलायझाचे वडील ईस्ट इंडिया कंपनीचे सर्जन, आई भारतीय. वडिलांमागे ती आणि तिची बहीण जेन यॉर्कच्या एका डॉक्टरांच्या पालकत्वाखाली वाढल्या. आवारात उभं राहून मी वरच्या खिडक्यांकडे पाहत राहिले. समुद्रापलीकडून आणलेली चौदा वर्षांची मुलगी, आणि तिची भाषा समजणारी एकच मैत्रीण.

तिथून गुडरॅमगेटवरचं होली ट्रिनिटी चर्च चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. दुकानांच्या रांगेत एक छोटं फाटक आहे, ते सहज नजरेतून सुटतं. आतली फरशी उंचसखल आहे, वयस्कर माणसं बरोबर असतील तर हात धरा. १८३४ च्या ईस्टरला अ‍ॅन लिस्टर आणि तिची जोडीदार अ‍ॅन वॉकर यांनी इथे प्रार्थनेत एकत्र प्रसाद (कम्युनियन) घेतला आणि आपल्यापुरतं लग्न पक्कं केलं. बाहेरची निळी पाटी जरूर वाचा. २०१८ मध्ये लावलेल्या पहिल्या पाटीवर ‘लेस्बियन’ हा शब्दच नव्हता. लोकांनी हरकत घेतली आणि २०१९ मध्ये तो शब्द असलेली नवी पाटी आली. मला तो आग्रह योग्य वाटतो. जिने आयुष्यभर स्वतःबद्दल इतकं स्पष्ट लिहून ठेवलं, तिच्याबद्दल आपण आडून बोलायचं कारण नाही.

दुसरा दिवस हॅलिफॅक्स. स्टेशनपासून शिब्डेन हॉल दोन-अडीच किलोमीटर, पण रस्ता टेकडी चढून पलीकडे उतरतो. बसही मिळते. घर कोणत्या दिवशी उघडं असतं ते निघण्याआधी बघून घ्या, वार बदलतात. घर १४२० च्या आसपासचं, काळ्या लाकडी चौकटीचं. एका कडेचा दगडी मनोरा मात्र अ‍ॅनने आपल्या ग्रंथालयासाठी बांधून घेतलेला.

मी सगळ्यात जास्त वेळ भिंतींच्या लाकडी तक्तपोशीसमोर घालवला. १८९० च्या दशकात घराचे शेवटचे वारस जॉन लिस्टर आणि त्यांचे मित्र आर्थर बरेल यांनी ही लिपी फोडली. ‘एच’ आणि ‘ई’ ही दोन अक्षरं त्यांनी अंदाजाने ओळखली होती. मग ‘देवावर माझी...’ एवढ्या साध्या शब्दांपुढे सांकेतिक शब्द असलेला एक कागद सापडला. तो शब्द ‘होप’ असणार, आशा, हे लक्षात आलं आणि बाकीची अक्षरं एका रात्रीत सुटली. वाचून बरेल इतके हादरले की वह्या जाळून टाका म्हणाले. जॉननी जाळल्या नाहीत. तक्तपोशीमागे लपवून ठेवल्या. या एका गोष्टीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे.

१९३३ मध्ये जॉन वारल्यावर कागद गावाच्या ग्रंथालयाकडे आले. लिपीची किल्ली बरेलनी ग्रंथपालांना दिली, तरी सांकेतिक मजकूर छापणं पुढे अनेक वर्षं टाळलं गेलं. तो मोकळेपणाने छापला हेलेना व्हिटब्रेड यांनी, १९८८ मध्ये. झेरॉक्स घरी नेऊन पान-पान उकलत त्यांनी हे काम केलं. मग जिल लिडिंग्टन यांनी जमीन, खाण, राजकारण या अंगांनी अ‍ॅनचा अभ्यास केला. त्यामुळे भाडेकरूंच्या मतांवर दबाव टाकणारी कडक टोरी, म्हणजे परंपरावादी पक्षाची, मालकीणही समोर आली. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय अ‍ॅन कळत नाही. २०११ मध्ये युनेस्कोच्या ब्रिटनमधल्या स्मृतिनोंदीत, म्हणजे मोलाच्या दस्तऐवजांच्या यादीत, या डायऱ्या गेल्या.

तिसरा दिवस अभिलेखागाराचा. ते पीस हॉल या जुन्या कापडबाजाराच्या शेजारी, ग्रंथालयाच्या इमारतीत आहे. जागा आधी राखून ठेवा, पेन्सिल न्या, पेन चालत नाही. मूळ वह्या नाजूक आहेत, त्यामुळे पानांची छायाचित्रं पाहायची तयारी ठेवा. ती घरबसल्याही फुकट दिसतात. जाण्याआधी महिनाभर रोज अर्धं पान वाचायचा सराव करा. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: सांकेतिक मजकुरात दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, विरामचिन्हं नाहीत, आणि साध्या इंग्रजीतही शब्द तोडून लिहिलेले. पुण्यात मोडीच्या वर्गात आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, आधी ओळीचा सूर पकडा, अक्षरं मागून येतात. इथेही तेच कामी आलं.

डायरीची सुरुवात ११ ऑगस्ट १८०६ च्या सुट्या कागदांवर होते. पहिलंच वाक्य: एलायझा आमच्याकडून गेली. मला वाटतं, एलायझा गेली नसती तर लिहायची निकडच वाटली नसती. एलायझाची स्वतःची छोटी रोजनिशीही याच दप्तरात आहे. ती मागायला विसरू नका, तिच्याबद्दल विचारणारे कमी असतात.

हॅलिफॅक्स मिन्स्टर हे गावातलं मोठं चर्च स्टेशनजवळच आहे. अ‍ॅन जॉर्जिया देशातल्या कुताइसीला तापाने वारली. अ‍ॅन वॉकरने तिचं शव तिथून इथवर आणलं, महिनोन् महिने प्रवास करून. थडग्याचा फुटका दगड तिथे बघायला मिळतो.

लंडनची गाडी यॉर्कहून दुपारची होती, म्हणून निघायच्या सकाळी ऑस्बल्डविकला गेले. यॉर्कच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवरचं हे गाव. बस आहे, चालत पाऊण तास. १८१४ मध्ये एलायझाला वेड्यांच्या खासगी इस्पितळात ठेवलं. अ‍ॅन तिला अधूनमधून भेटायला जायची. एलायझा अ‍ॅनच्या मागे वीस वर्षं जगली आणि १८६० मध्ये गेली. तिचं थडगं इथल्या चर्चच्या आवारात आहे. फाटकातून आत गेल्यावर जुन्या दगडांवरची नावं सावकाश वाचत जा, घाई केली तर चुकेल. मी वहीत ते पहिलं वाक्य तिच्या लिपीत उतरवून घेतलं होतं. दगडाशेजारी गवतात बसून ते एकदा वाचलं आणि बस पकडली.