व्यसन लागायच्या आधीचं काम करायचंय? मग कोर्स कुठला करायचा

एमएसडब्ल्यू झालेली, सायकॉलॉजीत बीए करणारी पोरंपोरी हल्ली मेसेज करतात, ताई मला व्यसन प्रतिबंधात काम करायचंय, सर्टिफिकेट कुठलं करू. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डी-ॲडिक्शन काउन्सेलरचं सर्टिफिकेट वेगळं आणि प्रतिबंधाचं ट्रेनिंग वेगळं, आणि आपल्याकडे जे सहज मिळतं ते बहुतेक पहिल्यातलं. केंद्राच्या सामाजिक न्याय खात्याच्या एनआयएसडी या ट्रेनिंग देणाऱ्या संस्थेत १९९८ पासून व्यसन प्रतिबंधाचं स्वतंत्र केंद्र आहे, आपल्या भागात ट्रेनिंगचं काम बरीच वर्षं पुण्याच्या मुक्तांगणनं केलंय (१९८६ ची व्यसनमुक्ती संस्था, नाव माहीत नसेल असं कोणी नसावं). तिथलं ट्रेनिंग मिळालं तर डोळे झाकून घ्या. पण त्यात तुम्ही मुख्यतः शिकाल ते आधीच अडकलेल्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी कसं बोलायचं ते. सातवीच्या वर्गात उभं राहिल्यावर ते सगळं कामाला येत नाही, कारण समोरच्या पन्नास पोरांपैकी बहुतेकांनी अजून काही घेतलेलंच नसतं.

आपल्याकडे प्रतिबंधाच्या कामाला लायसन्स वगैरे लागत नाही. त्यामुळे २६ जून, म्हणजे जागतिक अमली पदार्थविरोधी दिन, आला की जो मोकळा असेल तो शाळेत भाषण ठोकून येतो. अमेरिकेत आयसी अँड आरसी नावाची संस्था आहे, तिचं 'प्रिव्हेन्शन स्पेशालिस्ट' हे वेगळंच सर्टिफिकेट असतं, त्याला किमान २००० तासांचा अनुभव, १२० तासांचं ट्रेनिंग, वर १२० तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम आणि मग १५० प्रश्नांची परीक्षा. मला हेवा वाटतो तो परीक्षेचा नाही, देखरेखीच्या तासांचा. आपल्याकडे वर्गाच्या मागच्या बाकावर बसून 'तू आत्ता जे बोललीस त्यानं पोरांची उत्सुकता उलट वाढली' असं सांगणारं कोणी नसतं.

भारतात बसून करण्यासारखं म्हणजे कोलंबो प्लॅन या आशियाई देशांच्या सरकारांच्या संघटनेचा युनिव्हर्सल प्रिव्हेन्शन करिक्युलम, थोडक्यात यूपीसी. शाळा, कुटुंब, कामाची जागा, मीडिया असे वेगवेगळे भाग आहेत आणि त्यांच्या सर्टिफिकेटच्या परीक्षांमध्ये प्रतिबंधवाल्यांसाठी वेगळी शाखा आहे. इस्सप या, व्यसनाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मेंबरशिप फुकट आहे, प्रतिबंधावरचे ऑनलाइन कोर्स तिथे सापडतील. बहुतेक सगळं इंग्रजीत, तेवढी तयारी ठेवा.

आणि हे काहीच जमत नसेल तर निदान यूएनओडीसी (संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालय) आणि डब्ल्यूएचओनं मिळून काढलेली प्रतिबंधाची आंतरराष्ट्रीय मानकं वाचा, २०१८ ची दुसरी आवृत्ती, पीडीएफ फुकट आहे. त्यात काय चालतं याच्याबरोबर काय चालत नाही तेही लिहिलंय, आणि ती यादी वाचताना आपल्या निम्म्या कार्यक्रमांचं निमंत्रणपत्र वाचतोय असं वाटतं. नुसती माहिती देणं, घाबरवणं, लेक्चर, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाला उभं करून त्याची कहाणी सांगायला लावणं, हे सगळं शाळेत उपयोगी पडत नाही. शेवटच्या मुद्द्यावर माझे सहकारी माझ्यावर चिडतात. म्हणजे बघा, उपचार केंद्रात असा माणूस सोन्याचा, त्याच्याइतकं पेशंटला कोणीच ओळखत नाही. पण तेरा वर्षांच्या मुलाला त्या कहाणीतून कळतं ते एवढंच की हे सगळं करूनही माणूस ठणठणीत होऊन माइकवर बोलतोय!

मग करायचं काय तर रोल प्ले. मी दोन पोरांना पुढे बोलावते, एकानं पुडी पुढे करायची, दुसऱ्यानं नाही म्हणायचं. पहिल्या फेरीत दुसरा म्हणतो, 'नको, आरोग्याला घातक असते', सगळा वर्ग खिदळतो आणि पहिला म्हणतो, 'लई शहाणा झाला काय रे'. तिथे थांबवून वर्गालाच विचारायचं की आता हा काय बोलला असता तर दोस्तीही टिकली असती. उत्तरं भन्नाट येतात. कोणी म्हणतं 'दात किडलाय सांग', कोणी म्हणतं 'म्हण, चल आधी मॅच बघू'. हे एकदा करून भागत नाही, ठरावीक अंतरानं परत परत जावं लागतं आणि शाळा नेमकी तिथेच कुरकुरते, पोर्शन राहिलाय म्हणून.

जाताना एक डबा ठेवायचा, नाव न लिहिता चिठ्ठी टाका म्हणून. त्यात 'एमडी (मेफेड्रोन हे ड्रग) म्हणजे काय'पेक्षा 'पप्पा रोज पिऊन येतात, मी काय करू' अशाच चिठ्ठ्या जास्त निघतात, आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार नसेल तर डबा ठेवूच नका. निदान हे नंबर हाताशी ठेवा: चाइल्डलाइन १०९८, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६, शेवटच्या दोघांत एका आकड्याचाच फरक आहे, फळ्यावर लिहिताना हमखास गडबड होते.

कायदाही थोडा वाचा. शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे (कोटपा, २००३) आणि मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुख्याध्यापकांना हे दाखवलं की गेटासमोरच्या टपरीबद्दल बोलणं सोपं जातं. आणि फक्त ड्रग्ज ड्रग्ज करू नका, विदर्भात खर्रा, इकडे मावा, घरात आजीची मशेरी, पोरांची ओळख होते ती इथून. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय अहवालात हुंगायच्या नशेचं, म्हणजे व्हाइटनर-सोल्युशनचं, प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त निघालं, मुलांत १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८. असं दुसऱ्या कुठल्याच पदार्थाचं नाही. तरी भाषणं सगळी कोकेनवर.

पगाराचं विचारू नका, प्रोजेक्टवर अवलंबून असतो आणि ग्रँट लांबली की तोही लांबतो. आणि 'तीन तासांत प्रमाणित समुपदेशक व्हा' छाप जाहिरातीत पैसे घालण्यापेक्षा एखाद्या संस्थेत जाऊन विचारा, शाळेत जाता तेव्हा मला मागे बसू द्याल का. बहुतेक जण हो म्हणतात, चार्ट धरायला माणूस हवाच असतो.