दिवे घाटातला घाम

वडकीचा विसावा आटोपून दिंडी उठते तेव्हा समोर दिवे घाट असतो. पुणे ते सासवड ही माउलींच्या पालखीची सर्वांत लांबची चाल, तीसेक किलोमीटरची. त्यात बहुधा एकादशी, म्हणजे पोटात साबुदाणा. सर येऊन गेलेली, मधूनच ऊन, हवा दमट. सदरा पाठीला चिकटतो, हनुवटीवरून थेंब टाळावर पडतात. आम्ही म्हणतो, घामाने निथळलो. खरं तर निथळलेला घाम फुकट गेलेला असतो.

अंग निवतं ते घाम वाळल्यावर. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन उडाला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. तोच थेंब होऊन डांबरावर पडला, तर पाणी आणि मीठ तेवढं गेलं. साठ किलोचा वारकरी घाट चढताना तासाला ३०० किलोकॅलरीच्या आसपास जाळतो आणि त्यातल्या बहुतेकांची उष्णताच होते. ती सगळी आत कोंडली, तर दर दहा-बारा मिनिटांना ताप एकेका अंशाने चढेल. अर्धा लिटर घाम पुरता वाळला, तर तासाभराचा चढ निभतो. दमट हवेत मात्र तेवढा वाळावा म्हणून त्याहून कितीतरी जास्त गाळावा लागतो.

रांगेच्या मधोमध चालणाऱ्याला हे जास्त भोवतं. चहूबाजूंनी माणसं, प्रत्येकाच्या अंगाची वाफ तिथंच घुटमळणारी, वारा नाही. जीव कासावीस झाला की कडेच्या ओळीत सरकावं. इरलं किंवा प्लास्टिकचा कागद सर थांबताच काढावा. आतली हवा ओलाव्याने भरली की घाम वाळायचा थांबतो. उपरण्याने सारखं अंग पुसणंही चुकीचंच. डोळ्यांत जाणारा घाम टिपावा, बाकीचा राहू द्यावा. उपरणं भिजवून मानेवर टाकलं तर ते पाणी वाळताना घामाचंच काम करतं, आणि अंगातलं मीठ वाचतं.

मिठाचा हिशेब बरेच जण चुकतात. लिटरभर घामातून साधारण एक ते तीन ग्रॅम मीठ जातं. ते भरून न काढता तांब्यामागून तांब्या नुसतं पाणी रिचवलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं: डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळू लागतो. दर वीस मिनिटांनी पाऊण-एक पेला पुरे. घाटात एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. उपवासवाल्यांनी सैंधव घालावं, साबुदाण्यासोबत शेंगदाणे आणि केळं घ्यावं. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. आडोसा मिळत नाही म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ही खोड नव्हे, सोयीची उणीव आहे. पण घाट त्याची वसुली त्यांच्याकडूनच करतो.

वयस्कर माणसांना तहान उशिरा लागते, घामही कमी येतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर वारीला निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम आटतो.

चालता चालता कुणी अडखळू लागला, उत्तरं भलतीच देऊ लागला, अंग तव्यासारखं तापलं, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडं असेलच असं नाही. चालण्याच्या श्रमाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो, आणि इथंच फसगत होते. सावलीत घ्यावं, कपडे सैल करावे, अंगभर पाणी ओतत पंच्याने जोरात वारा घालावा, १०८ला फोन लावावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. तापाची गोळी इथं उपयोगाची नाही.

सासवडला पोचल्यावर ओला सदरा लगेच बदलावा. चाल थांबली, की उष्णता कमी तयार होते; ओलं कापड मात्र वाऱ्यावर अंग गार करतच राहतं, म्हणून हुडहुडी भरते.

सात ते चौदा दिवसांत शरीर सरावतं. घाम लवकर सुटतो, जास्त येतो आणि कमी खारट असतो. आळंदीपासून चाललेल्यांचं फलटण-नातेपुत्यापर्यंत बऱ्यापैकी जमलेलं असतं. तिथं नव्याने सामील होणाऱ्याच्या अंगाचा तो पहिलाच दिवस असतो. त्याने पहिले तीन-चार दिवस त्यांच्या पावलाला पाऊल लावू नये, दुपारची चाल टेम्पोतून करावी.